माळ्यावरच्या छऱ्याच्या बंदुकीला रंधा लावू नका

परळीच्या किंवा कपिलधारच्या जत्रेत छऱ्याच्या बंदुकीने फुगे फोडले नाहीत असा माणूस आपल्या बीड जिल्ह्यात विरळाच. तशीच एखादी जुनी बंदूक कुणाकुणाच्या माळ्यावरही पडलेली असते. दस्त्याच्या वॉर्निशचे पापुद्रे निघालेले. ती नीट करायची असेल, तर सुताराकडे टाकू नका. सुतार वाईट नव्हे, पण त्याचा हात दारं-चौकटींचा. तो रंधा मारणार, लांबी भरणार, नळीची खाच सैल करून ठेवणार.

शिवाय बंदूक उघडी घेऊन बाजारातून जाणं बरं नव्हे. ४.५ मिलिमीटरच्या, २० ज्यूलपर्यंतच्या एअरगनला परवाना लागत नाही, हे लांबून बघणाऱ्याला कसं कळावं? मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येनंतर शस्त्रपरवान्यांची जी झाडाझडती झाली, ती लोक विसरलेले नाहीत.

काम घरीच होतं. आधी बंदूक रिकामी असल्याची खात्री करा. दस्त्याचे स्क्रू काढले की लाकूड आणि लोखंड वेगळं होतं. तिथेच थांबा. आतली स्प्रिंग दाबून बसवलेली असते, मागची पिन काढलीत तर ती तोंडावर येईल.

लाकडाला पोचा असेल तर घासू नका. ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री टेकवा. वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. तुटलेले तंतू मात्र येत नाहीत, तो व्रण राहू द्या. मग पॉलिश पेपर, आधी १२०, मग २२०, शेवटी ३२० नंबरचा, हाताने आणि रेषांच्याच दिशेने.

आता तेल. आपल्याकडे जवस घरात असतं म्हणून घाण्याचं तेल चोपडू नका, ते कित्येक दिवस चिकट राहतं. रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड लिनसीड मागा. पातळ हात द्या, पंधरा मिनिटांनी जादा तेल पुसून काढा, दुसरा हात दुसऱ्या दिवशी. पावसाळ्यात हे काम काढूच नका.

आणि ती तेलकट फडकी! बोळा करून कोपऱ्यात टाकलीत तर तेल वाळताना तापतं आणि फडकी आपोआप पेट घेतात. आपल्या उन्हाळ्यात तर धोका जास्तच. पाण्यात बुडवा, नाहीतर बाहेर मोकळी पसरा.

जोडल्यावर छर्रा न घालता चाप ओढू नका, आतलं वॉशर फाटतं. नेम तपासायला मागे बांध किंवा मातीचा ढीग बघा. पाटोद्याकडच्या पोरांना, नायगावचं मयूर अभयारण्य जवळ आहे म्हणून, पाखरांवर नेम धरायचा नाही हे जरा दरडावूनच सांगा.