माळ्यावर अडकलेला पैसा

रमजानच्या आधी यंदा आम्ही देवणीच्या घराचा माळा उपसला. जहेजचे दोन डिनर सेट, घडी न मोडलेल्या सहा चादरी, तांब्याची मोठी देगची आणि एक कुकर निघाला. तसाच कुकर आम्ही गेल्या वर्षी हप्त्याने घेतला होता. पहिला घरात आहे, हेच विसरलो होतो.

घरातल्या भांड्याकुंड्यांवर जकात नाही, हे सर्वांना ठाऊक असते. पण हनफी मसलकात गरजेपेक्षा जास्तीचे सामान फित्रा आणि कुर्बानीच्या निसाबात धरतात. नगद, सोने-चांदी आणि असे सामान मिळून, कर्ज वजा जाता, सुमारे 612 ग्रॅम चांदीच्या किमतीइतके भरले, तर दोन्ही वाजिब होतात. अशा माणसाला जकात घेताही येत नाही. तेव्हा 'आमच्याकडे काय आहे?' असे म्हणण्याआधी माळा पाहावा.

देगची विकून आम्ही उरलेले हप्ते फेडले. चादरी गरजू घरी दिल्या. आता नवीन काही घेण्याआधी माळ्याची यादी वाचायची, असे ठरले आहे.

डिनर सेट मात्र अम्मींनी परत वर ठेवायला लावले. म्हणाल्या, "पोरीच्या लग्नात होतील."

पोरगी चौथीत आहे.