शिक्षकांच्या ऑनलाइन कामाचे तास कोण मोजणार?

‘विद्याकाशी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या धारवाडमध्ये आणि शेजारच्या हुबळीत महामारीनंतर वर्ग पूर्ववत भरू लागले. मात्र शिक्षकांच्या मोबाइलवर आलेले काम तिथेच राहिले. त्यामुळे शिक्षकांच्या स्वास्थ्याचा प्रश्न आता कामाच्या वेळेचा प्रश्न झाला आहे.

कर्नाटकात जून २०२० मध्ये पाचवीपर्यंतच्या ऑनलाइन वर्गांवर बंदी आली. जुलैत उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. ऑगस्टमध्ये शिक्षकांनी वस्त्यांत जाऊन शिकवण्याची ‘विद्यागम’ योजना सुरू झाली आणि संसर्गाच्या तक्रारींनंतर ऑक्टोबरमध्ये थांबली. पाच महिन्यांत चार निर्णय! सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षणासाठी पुन्हा शिक्षकांच्याच हाती अ‍ॅप देण्यात आले. तांत्रिक अडचणींमुळे काम लांबले आणि शाळांची दसऱ्याची सुट्टी १८ ऑक्टोबरपर्यंत वाढवावी लागली.

अशा ताणावर योगासने, पुरेशी झोप, मोबाइलपासून काही काळ दूर राहणे हे उपाय सुचवले जातात. ते उपयुक्त आहेत. परंतु रात्री आलेल्या संदेशाला उत्तर देणे अपेक्षितच असेल, तर शिक्षकाने मोबाइल दूर ठेवायचा कसा? जागतिक आरोग्य संघटनेनेही ‘बर्नआउट’चा संबंध कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन ताणाशी जोडला आहे. मदतीसाठी ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे, धारवाडमध्ये ‘डिमहान्स’सारखी मानसिक आरोग्य संस्थाही आहे. तथापि उपचाराची सोय म्हणजे कारणाचे निवारण नव्हे.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत शिक्षकांसाठी पूर्वतयारीसह आठवड्याला किमान ४५ तास ठरवले आहेत. घरी केलेली तयारी हेही कामच, हे कायद्याने मान्य केले. कमाल मर्यादा मात्र घातली नाही. अ‍ॅपवरील नोंदी, ऑनलाइन प्रशिक्षण आणि पालकांचे संदेश यांचा तर त्यात उल्लेखही नाही. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा कर्मचाऱ्यांचा हक्क २०१७ पासून कायद्यात आहे. याच हक्कासाठी सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडले होते.

गोव्यातील शाळांसाठीही हा विषय परका नाही. पालकांच्या संदेशांना ठरावीक वेळ, एकच माहिती एकदाच मागण्याचा दंडक आणि सुट्टीतील प्रशिक्षणाबद्दल बदली रजा, एवढ्यापासून सुरुवात करता येईल. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. शिक्षण खात्याचे एक परिपत्रकही पुरेसे ठरेल.