पायाची नाडी कोण पाहणार?

मधुमेही शेतकऱ्याच्या अंगठ्यात काटा रुततो. जखम दुखत नाही, म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही. हळद भरली जाते, गावातच मलमपट्टी होते, महिना उलटतो. बोट काळे पडल्यावर जिल्ह्याच्या ठिकाणी धाव घेतली जाते आणि तेथून मोठ्या शहराकडे. तोवर बहुधा वेळ टळून गेलेली असते. कुटुंबासमोर दोनच वाटा ठेवल्या जातात : पाय काढणे किंवा बंद पडलेली धमनी उघडण्याचा खर्चिक प्रयत्न करणे. या दुसऱ्या वाटेवर अलीकडे एका साधनाचे नाव मोठ्या विश्वासाने घेतले जाते. ते म्हणजे औषधाचा लेप दिलेला फुगा. आधीच धास्तावलेला रुग्णाचा मुलगा 'औषधाचा फुगा' हे शब्द ऐकतो आणि जमीन गहाण टाकायला निघतो. हा फुगा काय साधतो, काय साधत नाही आणि त्याचे मोल कोणी ठरवायचे, याची चर्चा त्या घरापर्यंत कधीच पोहोचत नाही.

हृदयाच्या धमन्यांत जो गाळ साचतो, तोच मांडी-पोटरीच्या धमन्यांतही साचतो. मधुमेह आणि तंबाखू ही त्याची दोन प्रमुख कारणे. प्रारंभी चार पावले चालल्यावर पोटरीत गोळा येतो आणि थांबले की दुखणे ओसरते. 'आता वय झाले', 'वात आहे', असे म्हणून ते अंगावर काढले जाते. पुढे पाय स्वस्थ असतानाही रात्री ठणकू लागतो, झोप लागत नाही, जखमा भरून येत नाहीत आणि अखेर गँगरीन गाठते.

अशा पायात नळी सरकवून धमनी उघडण्याची कल्पना साठ वर्षांपूर्वीची आहे. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर या क्ष-किरणतज्ज्ञाने ८२ वर्षांच्या एका वृद्धेच्या मांडीतील धमनी एकाहून एक जाड नळ्या सरकवून रुंद केली. पाय कापण्याचा सल्ला त्या बाईने साफ धुडकावला होता. तिचा पाय वाचला. झुरिक येथे आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १९७४ मध्ये पायाच्या धमनीत फुगा वापरला आणि १९७७ मध्ये हृदयाच्या. आज अँजिओप्लास्टी म्हटले की प्रत्येकाला हृदय आठवते. वास्तविक या विद्येचा जन्म पायात झालेला आहे.

फुग्याची अडचण अशी, की त्याच्या दाबाने धमनीची आतली भिंत दुखावते. ती जखम भरून काढताना शरीर गरजेपेक्षा अधिक पेशी निर्माण करते आणि उघडलेली वाट पुन्हा बुजू लागते. हृदयात यावर स्टेंटचा उपाय लागू पडला. परंतु मांडीतील धमनी प्रत्येक पावलागणिक वाकते, पिळवटते, ताणली जाते. तिथे धातूची जाळी मोडण्याचा संभव असतो. भारतीय माणूस मांडी घालून बसतो, उकिडवा बसतो, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. म्हणून आत काहीही न ठेवता केवळ औषध सोडून यावे, हा विचार पुढे आला. फुग्यावर पॅक्लिटॅक्सेल या औषधाचा थर द्यायचा, फुगा दोन-तीन मिनिटे फुगवून ठेवायचा आणि काढून घ्यायचा. भिंतीत मुरलेले औषध पेशींचे विभाजन रोखून धरते.

या औषधाची कुळकथा महाराष्ट्रातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असायला हवी. पॅसिफिक यू या वृक्षाच्या सालीतून ते वेगळे करून त्याची रचना १९७१ मध्ये जगापुढे मांडणाऱ्या मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या जोडीपैकी वाणी हे नंदुरबारचे. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेत गेले आणि कर्करोगावरील दोन प्रभावी औषधांच्या शोधात त्यांचा वाटा राहिला. २०२० मध्ये ते निवर्तले, तेव्हा त्यांच्या जन्मभूमीला त्याची फारशी वार्ताही नव्हती. फुग्यांवर आता वापरले जाणारे दुसरे औषध सिरोलिमस. ते मॉन्ट्रियल येथे शोधणाऱ्या पथकाचे प्रमुख सुरेंद्रनाथ सेहगल काशी हिंदू विद्यापीठात शिकलेले. सिरोलिमसचा लेप दिलेले फुगे आज सुरतेत तयार होतात, ही समाधानाची गोष्ट. परंतु समाधानात गुंगून जाऊन चालणार नाही, कारण साधन स्वदेशी असो वा विदेशी, त्याची परीक्षा रुग्णाच्या पायावरच व्हायची असते.

ती परीक्षा काय सांगते? मांडीच्या धमनीपुरते पाहिले तर निकाल उजवे आहेत. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील चाचणीत सहा महिन्यांत पुन्हा उपचार करावे लागण्याचे प्रमाण साध्या फुग्यात ३७ टक्के, तर लेपित फुग्यात अवघे ४ टक्के होते. २०१५ मधील एका मोठ्या चाचणीत वर्षअखेर धमनी उघडी राहण्याचे प्रमाण ८२ टक्के आणि साध्या फुग्यात ५२ टक्के आढळले. याच आकड्यांच्या बळावर हे साधन जगभर पसरले. मात्र गुडघ्याखालच्या बारीक धमन्यांत हे यश दिसले नाही. तेथे वापरला जाणारा एक लेपित फुगा २०१३ मध्ये उत्पादकाने स्वतःच बाजारातून परत घेतला. मधुमेही रुग्णाचा रोग बहुधा याच गुडघ्याखालच्या धमन्यांत असतो, हे इथे लक्षात घ्यावे.

डिसेंबर २०१८ मध्ये २८ चाचण्यांचे एकत्रित गणित मांडले गेले. पॅक्लिटॅक्सेल वापरलेल्या रुग्णांत दोन वर्षांनंतर मृत्यू अधिक होतात, असा त्याचा निष्कर्ष निघाला आणि साऱ्या वैद्यकविश्वात खळबळ उडाली. पुढे अधिक माहिती जमवून तपासल्यावर अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये हा धोका सिद्ध होत नसल्याचे सांगितले. तरीही प्रश्न पुरता मिटला नाही. स्वीडनमध्ये साडेतीन हजारांच्या आसपास रुग्णांवर झालेल्या दोन चाचण्यांचे निकाल २०२५ मध्ये आले. गँगरीनच्या उंबरठ्यावरील रुग्णांत औषधाच्या लेपामुळे पाय कापण्याचे प्रमाण घटले नाही. केवळ चालताना दुखणाऱ्या रुग्णांत जीवनमान अधिक सुधारले नाही. या दुसऱ्या गटात पाच वर्षांच्या टप्प्यावर मृत्यू काहीसे अधिक दिसले, संपूर्ण कालावधीत मात्र तो फरक ठरला नाही.

याचा अर्थ फुगा टाकाऊ आहे, असा मुळीच नाही. ज्याची मांडीची धमनी एकदा उघडून पुन्हा बुजली आहे, त्याला दुसऱ्यांदा त्या खोलीत जावे लागू नये, हे मोठे साध्य आहे. परंतु धमनी उघडी राहणे आणि पाय वाचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीचे आकडे दाखवून दुसरीची आशा विकणे हा व्यापार झाला.

स्वीडनसारख्या छोट्या देशाला हे उत्तर शोधता आले, कारण तेथे रक्तवाहिन्यांवरील उपचारांची राष्ट्रीय नोंदवही आहे. कोणाला काय वापरले, पाय राहिला की गेला, माणूस जगला की नाही, हे सारे तीत लिहिले जाते. प्रत्येक रुग्णालयावर बंधनकारक असलेली अशी वही आपल्याकडे नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार या देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. इतक्या मोठ्या समाजाने आपल्या पायांचे भवितव्य परदेशी आकड्यांवरून ठरवावे, हे आत्मनिर्भरतेच्या कोणत्या व्याख्येत बसते?

मोलाचीही तीच कथा. हृदयाच्या स्टेंटची कमाल किंमत शासनाने फेब्रुवारी २०१७ मध्ये बांधून दिली. औषधी स्टेंट २९,६०० रुपयांवर आला, तेव्हा उद्योगजगताने केवढा आक्रोश केला होता! आकाश कोसळले नाही. सामान्य माणसाचे लक्षावधी रुपये मात्र वाचले. पायाच्या लेपित फुग्याला अशी मर्यादा नाही. छापील किमतीत वर्षाकाठी दहा टक्क्यांहून अधिक वाढ करता येत नाही, एवढाच काय तो लगाम. मूळ किंमत कोणी आणि कशाच्या आधारे ठरवली, हे विचारणारा कोणी नाही.

आणि मुख्य प्रश्न फुग्यापर्यंत पोहोचण्याच्या कितीतरी आधीचा आहे. पावलाच्या वरच्या बाजूस आणि घोट्यामागे दोन बोटे टेकवून नाडी लागते का, हे पाहायला पैसा लागत नाही. दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर ०.९ हून कमी आले, तर धमनीत अडथळा आहे असे समजावे. त्यासाठी हातात मावणारे डॉप्लर यंत्र पुरते. मधुमेह्यांच्या धमन्या चुन्यामुळे कडक झाल्या असतील तर हे गुणोत्तर फसवे असू शकते, एवढे भान मात्र हवे. आरोग्य केंद्रात साखर मोजली जाते, दाब मोजला जातो. रुग्णाला चप्पल काढायला सांगून त्याचे पाऊल हातात घेण्याचा प्रघात मात्र पडलेला नाही. जयपूर फूटचा देशाला सार्थ अभिमान आहे. पण माणसाचा स्वतःचा पाय राहिला असता, तर त्याची गरजच पडली नसती.

तंबाखूचा विषय तर कोणी काढतच नाही. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू सेवन करणारे आढळले. विडी ओढणाऱ्या चाळिशीच्या आतल्या तरुणांना बर्जरचा रोग जडतो, त्यात फुग्याचा फारसा उपयोग होत नाही. विडी सुटली तरच पाय राहतो. पोटरी दुखणाऱ्यासाठी रोजचे नेमाने चालणे, रक्त पातळ ठेवणारी व चरबी उतरवणारी साधी औषधे आणि साखरेवर ताबा हा पहिला उपचार आहे. तो करून पाहिल्याविना ज्याला थेट कॅथलॅबमध्ये नेले जाते, त्याच्या नातलगांनी तीन गोष्टी विचारल्याच पाहिजेत : अडथळा गुडघ्याच्या वर आहे की खाली, साध्या फुग्याने का भागणार नाही, आणि बिलावर लेपित फुग्याची किंमत स्वतंत्रपणे लिहून मिळेल का.