संत्र्याच्या बागेतला शंख रिकामा आहे की जिवंत? शंखी गोगलगाय नेमकी काय आहे?

शंख-शिंपले वेचायचे म्हटले की कोकणचा समुद्र आठवतो. मोर्शी-वरूडच्या संत्रा पट्ट्यात मात्र शंख वेचण्याला वेगळा अर्थ आहे. शेतात शंखी गोगलगाय आली, तर ती हाताने गोळा करणे हाच सर्वांत खात्रीचा उपाय मानला जातो.

ही गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेतली. 1847 मध्ये विल्यम बेन्सन या शंखांच्या अभ्यासकाने मॉरिशसहून आणलेल्या काही गोगलगायी कोलकात्यात सोडल्या आणि तिथून ती भारतभर पसरली. 2022 च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद भागात तिने सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली, अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. संत्र्यात ती नवतीची पाने आणि कोवळी साल कुरतडते.

तिचा शंख म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. अंगावरच्या पातळ आवरणातून चुना पाझरतो आणि शंखाच्या तोंडाशी थरावर थर चढतो. म्हणून चुन्याचा अंश असलेली ओलसर जमीन तिला मानवते. प्रत्येक गोगलगायीत नर-मादी दोन्ही अवयव असतात. एका वेळी शंभरावर अंडी, तीही मातीत.

उन्हाळ्यात ती शंखाच्या तोंडावर पांढरा पडदा लावून महिनोन्‌महिने झोपते. बांधावर सापडलेला असा शंख रिकामा समजून पोरांनी खेळायला घरी नेला, तर पावसाळ्यात तो चालू लागतो! अंडी आणि पिल्ले कलमांच्या मातीतूनही प्रवास करतात. शेंदूरजनाघाटसारख्या रोपवाटिकांच्या गावांना हे जास्त लागू पडते.

मग करायचे काय? संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती बागेत ठेवायची, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून उचलायच्या आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकायच्या. हातमोजे यासाठी, की मेंदूज्वरासारखा आजार देणारा कृमी तिच्यात असू शकतो. मीठ थेट शेतात फेकण्याचे व्हिडिओ फिरतात, पण त्याने जमीन खराब होते. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या चालतात, पण कुत्री आणि गुरे त्या खाऊन मरू शकतात.

एकट्याने वेचून भागत नाही. शेजारच्या बांधावरचा गवताचा ढीग तसाच राहिला, तर आठवड्यात गोगलगायी पुन्हा हजर. पहिल्या पावसानंतर, अंडी घालण्याआधी, शिवारातल्या सगळ्यांनी एकदम वेचायला घेतले तरच फरक दिसतो.