वाजवणारा कोण?

भाचा गेल्या शनिवारी पुण्याहून आला, सोबत त्याचे दोन मित्र. उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर काय काय चालतं ते या सदराच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. रात्री गाद्या अंथरल्या, पाण्याचा माठ वर गेला आणि पोरांचं भांडण लागलं. जगातला सर्वांत मोठा गिटारवाला कोण? एक जण एडी व्हॅन हेलनचा, दुसरा जिमी हेन्ड्रिक्सचा, आणि भाचा पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मरचा. फोनवर एकेकाचे सोलो लागत होते आणि खालून आई हाका मारत होती, शेजारी झोपलेत म्हणून.

ज्यांना ही नावं नवी आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हेन्ड्रिक्स डावखुरा, उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवायचा, 1970 मध्ये अवघ्या 27व्या वर्षी गेला. व्हॅन हेलनचा 'इरप्शन' 1978चा, जेमतेम पावणेदोन मिनिटांचा. मायकल जॅक्सनच्या 'बीट इट'मधला गिटारचा सोलोही त्याचाच, आणि त्यासाठी त्याने एक पैसाही घेतला नाही. गिल्मरचा 'कम्फर्टेबली नम्ब' 1979च्या 'द वॉल'मधला. 'रोलिंग स्टोन' या अमेरिकी मासिकाने 2023 मध्ये अडीचशे गिटारवादकांची यादी काढली, तीत पहिला हेन्ड्रिक्स. यादीने वाद मिटायला हवा होता, तो आणखी पेटला.

मला खटकलं ते वेगळंच. व्हॅन हेलनवाल्या पोराने मोजणी काढली. सेकंदाला किती सूर, कुणाचे जास्त, कुणाचे कमी. "मामा, स्पीड बघा की!" वेगाला माझा विरोध नाही. जत्रेत हालगीवाला रंगात येतो तेव्हा त्याची बोटं दिसेनाशी होतात आणि माझ्या अंगावर काटा येतो. पण तिथं कुणी टिपऱ्या मोजत नाही. आपण पुढच्या ठोक्याची वाट बघत असतो, आणि तो ठोका जिथं यायला हवा तिथंच येतो, म्हणून काटा येतो. मोजायला बसलं की ती वाट बघणंच संपतं.

मग मी त्यांना एकच प्रश्न विचारला. 'दम मारो दम' तुम्ही जन्मल्यापासून ऐकताय, त्यातली गिटार कुणाची? तिघंही गप्प. गिल्मर कुठली गिटार वाजवतो, ती कुठल्या यंत्रातून काढतो, हे सगळं पाठ, आणि हे ठाऊक नाही. ती गिटार भूपिंदर सिंग यांची. 1971चा 'हरे रामा हरे कृष्णा'. दोन वर्षांनी 'यादों की बारात' आला, त्यातल्या 'चुरा लिया है'ची बारा तारांची गिटारही त्यांचीच. 2022च्या जुलैमध्ये ते गेले तेव्हा गावात ज्याने त्याने त्यांच्या गझला आठवल्या. गिटारीचं नाव कुणी काढलं नाही. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं होतं.

पोरांची चूक नाही. रॉक बँडमध्ये चार माणसं, चौघांचे फोटो कव्हरवर, चौघांची नावं पाठ. आपल्याकडे रेकॉर्डिंगला पन्नास-साठ वादक बसायचे आणि तबकडीवर गायक, गीतकार, संगीतकार एवढेच छापले जायचे. वाजवणारा मेहनताना घेऊन पुढच्या स्टुडिओत. 1954च्या 'नागिन'मधली बीन घ्या. ती वाजली की वरातीत रुमाल दाताखाली धरून माणसं रस्त्यावर लोळतात. सत्तर वर्षं झाली. ती पुंगी नव्हतीच. कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर वाजवलेली ती सुरावट, सोबत रवी यांची हार्मोनियम. दोघं पुढे संगीतकार झाले म्हणून निदान नावं उरली.

हेन्ड्रिक्सवाला पोरगा म्हणाला, पण मामा, रॉकचा आणि आपला संबंध काय? संबंध आहे. 'क्वीन' बँडचा फ्रेडी मर्क्युरी आठ वर्षांचा असल्यापासून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वाढला, तिथंच त्याने पोरांचा पहिला बँड केला, 'द हेक्टिक्स'. लेड झेपेलिनचा जिमी पेज 1972 मध्ये मुंबईत आला, इथल्या वादकांना घेऊन दोन गाणी रेकॉर्ड केली आणि एका रात्री कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' नावाच्या क्लबात दुसऱ्यांची वाद्यं मागून वाजवून गेला. त्या वादकांची नावं या पोरांना कुणी सांगितलेली नाहीत.

फ्रेडीच्या 'क्वीन'चा गिटारवाला ब्रायन मे माझा लाडका. पैसे नव्हते म्हणून 1963 मध्ये वडिलांना हाताशी धरून त्याने घरीच गिटार बनवायला घेतली. दांडा जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाचा, स्प्रिंगा मोटारसायकलच्या, तारांखालच्या खुणा आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांच्या. वाजवतो सहा पेन्सच्या नाण्याने. ती गिटार तो अजून वाजवतो.

हे सांगता सांगता मला मास्तरांची पेटी आठवली आणि रविवारी सकाळी पोरांना घेऊन मी त्यांच्याकडे गेलो.

मास्तर म्हणजे आमच्याकडचे बेंजोवाले. उमरग्यात पंचविसेक वर्षांपूर्वी ज्यांची वरात निघाली त्यांतल्या निम्म्या घरांना ते ठाऊक आहेत. हा बेंजो अमेरिकेचा नव्हे. जपानमध्ये नागोयाला गोरो मोरिता नावाच्या माणसाने 1912 मध्ये टाइपरायटरसारख्या कळांचं तंतुवाद्य बनवलं, ते फिरत फिरत आपल्याकडे आलं, बुलबुल तरंग झालं, आणि कुणीतरी त्याला पिकअप लावून भोंग्याला जोडलं तेव्हा बेंजो पार्टी जन्मली. ढकलगाडीवर जनरेटर, दोन भोंगे, पुढे कच्छी ढोल आणि ताशा, मध्ये गळ्यात पट्टा अडकवून मास्तर. आमचं गाव हैदराबादच्या हमरस्त्यावरचं, कर्नाटक हाकेवर. बसवकल्याणची वरात आली की कन्नड गाणी, हैदराबादकडची आली की तेलुगू, आणि देवळापाशी नवरदेव उतरला की भक्तिगीत. मास्तरांना कन्नडचं एक अक्षर वाचता येत नाही, पण गाणं एकदा कानावर पडलं की पेटीत उतरतं. लोक वाद घालायचे त्या काळी, मुरूमचा बेंजोवाला मोठा की आपला. आपल्या बेंजोवाल्याचा हात डोळे मिटून ओळखू यायचा. मी शाळेत होतो तेव्हा जेवण टाकून दारात आलोय त्या आवाजाला.

डीजेबद्दल या सदरात तीनदा लिहून झालंय. आज एवढंच सांगतो की त्यापायी मास्तरांची पार्टी मोडून आठ वर्षं झाली.

पेटी पलंगाखाली होती, जुन्या नऊवारीत गुंडाळलेली. पोरं खाली बसली. मास्तरांनी कापड सोडलं आणि भाच्याने माझ्याकडे बघितलं. कळांच्या टोप्या झिजून गेल्यात, त्यांच्या जागी शर्टाची बटणं चिकटवलेली, पांढरी, निळी, एक कोटाचं तपकिरी. कळ परत वर यावी म्हणून आत बॉलपेनच्या स्प्रिंगा. नखी बाद झालेल्या एटीएम कार्डातून कापलेली, तिच्यावर खात्याचे चार आकडे अजून वाचता येतात. ब्रायन मेचं नाव या घरात कधी आलेलं नाही. हात अडला की जवळ असेल ते घ्यायचं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

मास्तरांनी 'नागिन' वाजवली. भोंगा नाही, वीज नाही, नुसत्या तारा. पोरांची मान हलायला लागली. मग भाच्याने फोन काढला आणि 'कम्फर्टेबली नम्ब'चा शेवटचा सोलो लावला. इंग्रजी गाणं म्हणून मास्तर उठून जातील असं मला वाटलं होतं. ते फोन कानाशी धरून बसले. एकदा संपलं. "परत लाव."

तिसऱ्यांदा ऐकताना उजवा हात पेटीवर आला. पहिला तुकडा त्यांनी लगेच पकडला. दुसऱ्याला अडले. गिल्मर तिथं तार बोटाने वर ओढतो आणि सूर चढत जातो, लोंबकळतो, मग जागेवर येऊन बसतो. बेंजोत ते नाही. कळ दाबली की सूर ठरलेला. मास्तरांनी एक कळ दाबली, मग शेजारची, मग दोन्हींवरून बोट झपकन घसरवलं. जवळ आलं, पण ते नव्हतं.

"अण्णा, या दोघींच्या मधी हाय बगा ते," ते मला म्हणाले. "माझ्या पेटीत बसंना."

व्हॅन हेलनवाला पोरगा पुढे सरकून बसला होता. सेकंदाला किती, हे आता त्याच्या डोक्यात नव्हतं. त्याने विचारलं, "मास्तर, घोडीच्या पलीकडून तार दाबली तर?" मास्तरांनी उजव्या हाताची करंगळी घोडीच्या मागे तारेवर ठेवली, एटीएमची नखी चिमटीत तशीच, आणि दाबून बघितलं. सूर किंचित चढला. पुन्हा दाबला. कोटाचं तपकिरी बटण निखळून फरशीवर पडलं, ते उचलायला कुणी वाकलं नाही.

आम्ही निघालो तेव्हा साडेबारा वाजले होते, घरून चार फोन येऊन गेले होते. भाचा चप्पल घालत होता तेवढ्यात मास्तर आपला साधा फोन घेऊन दारात आले.

"पोरा, ते यात टाकता येतंय का? गाणं नको सगळं. तेवढंच, तार वडतोय ते."