नेम वाया जात नाही



परवा चौथीतल्या एका पोराच्या दप्तरातून गलोल खाली पडली. सगळा वर्ग चिडीचूप! तो मात्र ऐटीत म्हणाला, "गुर्जी, माझा नेम लई पक्का आहे. काल होला पाडला!"

मला रागावता येईना. त्याच्या वयाचा असताना मीही गोदाकाठच्या बाभळीखाली गलोल घेऊन हिंडायचो. आधी वाटायचं, एकदा तरी लागू दे. लागायला लागल्यावर वाटलं, दोस्तापेक्षा जास्त पाडू. मग एकदा होली पडली. वर बघतो तर चार काटक्यांच्या घरट्यात दोन अंडी. त्या रात्री घास गिळवेना.

शिकारी असाच बदलत जातो, बरं का. सलीम अलींचंच बघा ना. त्यांचा जन्म 1896 चा, मुंबईचा. आईवडील लहानपणीच गेले, मामांनी वाढवलं. हाती छर्‍यांची बंदूक आली आणि चिमण्या टिपण्याचा नाद लागला. दहा-बारा वर्षांचे असताना त्यांनी पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका निघाला. ही कोणती चिमणी? मामांनी चिठ्ठी देऊन त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथं मिलार्ड साहेबांनी ओळख पटवली आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटंच उघडून दाखवली. पोरगा थक्क झाला!

म्हणून त्यांनी लगेच बंदूक टाकली का? छे! 1931-32 मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. आपली परभणी तेव्हा त्याच संस्थानात होती. त्या काळी अभ्यासासाठी पक्षी मारूनच नमुने गोळा करत. पण आता किती पाडले, याला महत्त्व नव्हतं. काय कळलं, याला होतं.

त्याच सुमारास, 1930 मध्ये, अलिबागजवळच्या किहीमला त्यांनी सुगरणीची घरटी दिवसेंदिवस नुसती न्याहाळली. काय दिसलं? नाव सुगरण, पण घरटं विणतो नर! अर्धं झालं की माद्या येऊन तपासतात. पसंत पडलं तर तो ते पुरं करतो आणि मग दुसरं विणायला घेतो. गोळी घातली असती तर हे कळलं असतं का?

पुढं 1959 पासून पक्षी जाळ्यात धरायचे, पायात कडं घालायचं आणि सोडून द्यायचे, असं मोठं काम त्यांच्या देखरेखीखाली झालं. जाळं शिकार्‍याचंच, पण पक्षी जिवंत!

हे ऐकून पोरानं विचारलं, "गुर्जी, मग माझा नेम वायाच गेला की?"

नाही रे बाबा. दबकत चालणं, तासभर गप्प बसणं, नुसत्या आवाजावरून पक्षी ओळखणं, हे सगळं तुला गलोलीनंच शिकवलं. ते वर्गात दुसर्‍या कुणाला येतं? 1972 च्या कायद्यानं रानपाखरांची शिकार गुन्हा ठरवली आहे. नुसतं बघायला मात्र कुणाचीच बंदी नाही.

काल तो धापा टाकत आला. "गुर्जी, विहिरीवरच्या बाभळीला अकरा खोपे! चार अर्धेच आहेत!" गलोल कुठं आहे, ते मी विचारलं नाही.

तुम्हीही पावसाळ्यात असा खोपा शोधा. लांब बसा, अर्धा तास हलू नका. पिवळ्या डोक्याचा पक्षी काय करतो, ते वहीत लिहा.

— तुमचे गुरुजी