दैवाच्या माथी खापर

दरवर्षी दिवाळीच्या फराळाला आमच्या लोणावळ्याच्या घरी एक स्नेही येतात. ग्रीक शोकांतिका हा त्यांचा लाडका विषय. चकली मोडता मोडता ते यंदा म्हणाले, “इडिपसला मारले ते दैवाने. देववाणीच झालेली, बापडा करणार काय?” आमचे चिरंजीव नुकतेच कॉलेजात जाऊ लागलेले. ते ठासून म्हणाले, “छे! त्याला त्याच्या गर्वाने मारले.”

मला दोघांचेही पटले नाही. का, हे सांगायला अथेन्सपर्यंत जायला नको. पुण्याची लोकल धरून वडगावला उतरले तरी पुरे.

राघोबादादांना पुण्याच्या सत्तेवर बसवायला मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून आली. माणसे चार हजारांच्या आसपास, बैल मात्र १९ हजार! खंडाळ्यापुढे ती मुंगीच्या पावलाने सरकली. ४ जानेवारी १७७९ रोजी कारल्याला कॅप्टन स्टुअर्ट पडला. आपल्या लोकांनी कौतुकाने ‘इष्टूर फाकडा’ म्हटले तोच हा. तळेगाव गाठले तो गाव जळालेले, दाणावैरण नाही, कोकणातून रसद येण्याची वाट बंद. शेवटी तोफा तळ्यात ढकलून रातोरात माघार, आणि वडगावला नामुष्कीचा तह! ही हकिगत सांगताना आपण मिशीला पीळ देऊन म्हणतो, “गर्वाचे घर खाली!”

आता अठरा वर्षे मागे चला. १४ जानेवारी १७६१. पानिपतावर भाऊसाहेबांची फौज अशीच रसद तुटून कोंडली गेली, उपाशीपोटी लढली आणि संपली. इथे मात्र आपण कपाळाला हात लावतो: “संक्रांत कोसळली! दैव फिरले!” भूक दोन्हीकडे तीच. मग शत्रू हरला की गर्व आणि आपण हरलो की दैव, हा कुठला न्याय?

ॲरिस्टॉटलने शोकांतिकेच्या नायकाबद्दल जो शब्द वापरला, त्याचा मूळ अर्थ गर्व नव्हे, नेम चुकणे. इडिपसच्या भविष्यात बापाची हत्या होती. पण सत्य खणून काढण्याचा हट्ट त्याचा स्वतःचा, आणि डोळे फोडणारे हातही त्याचेच. ते तो नाकारत नाही. त्याचे मोठेपण त्या कबुलीत आहे.

आणि वडगावला इंग्रजांना कोंडणारे कोण? महादजी शिंदे आणि पुण्यातून सूत्रे हलवणारे नाना फडणीस. दोघेही पानिपतातून वाचलेले; महादजी तर जन्माचे लंगडे होऊन. दैवाला बोल लावून ते घरी बसले असते, तर उपाशी फौज कशी मोडते हा पानिपतचा धडा मावळात कोणी गिरवला असता?

हे सगळे मी मोठ्या तावातावाने बोललो. तेव्हा सौभाग्यवती करंज्यांचे ताट ठेवीत शांतपणे म्हणाल्या, “शेजारच्यांचे दुकान बसले तेव्हा ‘माज उतरला’ म्हणालात. आणि आपले बसले तेव्हा?”

आपले बसले तेव्हा मी साडेसाती म्हणालो होतो.

वाचकहो, यंदाच्या पाडव्याला मी जुन्या वह्या काढून बसणार आहे. नेम कुठे चुकला, ते पाहायचे आहे.